कुंभकर्णाचा श्वास

केर्मिट बेडूक, टीव्हीवरची हातात घालून चालवायची बाहुली, काचेच्या पेटीत होता आणि त्याच्या आत काहीच नव्हतं. म्हणजे मोटर नाही, वायर नाही, पापण्या नाहीत, डोळे हलायची सोय नाही. हिरवं फ्लीसचं कापड, पांढरे डोळे, त्यावर काळी बुबुळं, बस. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये अ‍ॅस्टोरियाला म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज आहे, तिथे २०१७ पासून जिम हेन्सनच्या बाहुल्यांचं मोठं दालन आहे, आणि दादा-वहिनी जर्सीला राहतात (बडोद्याच्या मराठी घरांतलं कोणी ना कोणी जर्सीला असतंच) त्यामुळे त्यांच्याकडे गेले की हे बघायचंच असं कधीपासून ठरवलं होतं. वहिनीने विचारलं, अगं लहान मुलांचं आहे ना ते? तिला म्हटलं चल तर खरी.

हेन्सनने पहिला केर्मिट १९५५ मध्ये बनवला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा, आणि डोळे म्हणजे पिंगपाँगचा बॉल अर्धा कापून लावलेला. पुढे कापड बदललं, आकार थोडा बदलला, पण युक्ती तीच राहिली. आत हात घालायचा, बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. चेहऱ्यात कडक असं काही नाही म्हणून बोटं आवळली की सगळं तोंड मुडपतं, जरा सैल सोडली की हिरमुसतं. आणि बुबुळं कुठे चिकटवायची याचा त्या लोकांनी फार विचार केलेला. डॉन सॅलिन म्हणून त्यांचा बाहुल्या घडवणारा माणूस होता, डोळे आणि नाक यांचा त्रिकोण नीट जमला तरच बाहुली कोणाकडे तरी बघतेय असं वाटतं हे त्याने ओळखलं होतं. मी काचेसमोर डावीकडून उजवीकडे सरकून बघितलं. बघतो खरंच.

त्याच म्युझियममध्ये दुसरीकडे 'द एक्झॉर्सिस्ट' मधली ती मुलगी आहे, १९७३ च्या सिनेमात जिचं डोकं पूर्ण मागे फिरतं ती अख्ख्या उंचीची डमी. डिक स्मिथचं काम. त्याने मेकअपच्या धंद्यात जे करून ठेवलंय त्यावर पुढच्या दोन पिढ्या जगल्या. इतक्या जवळून बघितल्यावर गालावरच्या जखमांच्या कडा, ओठांच्या भेगा, नाइटगाउनवरचे डाग, सगळं दिसतं. वहिनी लगेच पुढे गेली, तिला बघवेना. मी थांबले कारण मला एक प्रश्न पडला होता. हिच्यावर इतकं बारीक काम आहे, त्वचा आहे, केस आहेत, आत यंत्र आहे, तरी ती निर्जीव दिसते, आणि तो कापडाचा बेडूक आत्ता बोलेल असं वाटतं. अर्थात दोन्ही बंद होते, दोघांच्या आत कोणाचाही हात नव्हता, तरी सुद्धा.

ह्याचं उत्तर मला बडोद्याच्या दांडिया बाजारात फार पूर्वी कळलं होतं, फक्त त्याचा संबंध ह्या गोष्टींशी आहे हे तिथे उभं राहून लक्षात आलं.

आमच्या लहानपणी गणपतीत हलते देखावे बघायला रात्री निघायचं म्हणजे मोठा कार्यक्रम असायचा. घरातली सगळी, शेजारची मुलं, दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी अशी पायी फिरायची, लाइन लावायची. बहुतेक ठिकाणी देवी त्रिशूळ वर-खाली करायची, राक्षसाची मान इकडून तिकडे, हनुमानाचा हात वर. ठक, ठक, ठक, एका चालीत. दोन मिनिटं मजा वाटायची मग पुढच्या मंडळाकडे. पण एका वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळाने झोपलेला कुंभकर्ण केला होता आणि तो करणारे काका आमच्या वाड्यातलेच. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. देखाव्यात नगारे वाजवणारे राक्षस होते, भाले टोचणारे होते, हत्ती होता, ते सगळे साधेच हलत होते, पण कुंभकर्ण नुसता झोपला होता आणि श्वास घेत होता. पोट वर यायचं, जरा थांबायचं, खाली जायचं. मधूनच एक बोट हलायचं. मिशी थरथरायची. लहान मुलं त्याच्याकडे बोट दाखवून हळू आवाजात बोलत होती, उठेल म्हणून.

आतलं मी बघितलंय, काकांनीच दाखवलं होतं, मागच्या बाजूने ताडपत्री उचलून. पोट म्हणजे प्लायचं झाकण, एका बाजूला बिजागऱ्या, वर कापूस आणि गादीचं कापड. खाली ट्रकच्या वायपरची मोटर. ती १२ व्होल्टवर चालते, आत वर्म गिअर असतो म्हणून फेरे कमी आणि जोर भरपूर, भंगारात स्वस्तात मिळते, त्यामुळे महाराष्ट्रात काय नि बडोद्यात काय, कितीतरी हलते देखावे ह्याच मोटरवर चालतात. पण वायपर मिनिटाला साधारण ४० ते ५० फेरे मारतो. माणूस शांत असताना १२ ते २० श्वास घेतो, आणि हा तर कुंभकर्ण. मग काकांनी सायकलचं फ्रीव्हील आणि मोठं चक्र लावून वेग अर्ध्याच्या खाली आणला, व्होल्टेज अजून कमी केलं. क्रँकऐवजी लाकडी कॅम कापला, म्हणजे फिरता फिरता वरचं झाकण उचलणारी चकती, अंड्यासारखी, आकार असा की पोट वर आल्यावर क्षणभर थांबतं.

आणि मग मुख्य गोष्ट. मिशीला आणि बोटाला वेगळी मोटर, वेगळ्या वेगाची. मी विचारलं काका एकाच मोटरवर सगळं का नाही जोडलं, खर्च वाचला असता ना? ते म्हणाले, "एका ठेक्यात हललं की पंखा वाटतो गं." दोन मोटरींचा वेग जुळत नाही, त्यामुळे पोट आणि मिशी एकदा ज्या क्षणी एकत्र हलली तो क्षण परत यायला बराच वेळ लागतो, तोपर्यंत बघणारा पुढे गेलेला असतो. त्याला रिपीट झालेलं कळतच नाही.

हे मला आजही जबरदस्त वाटतं. कारण सिनेमातले प्राणी बनवणाऱ्यांनी कोट्यवधी खर्चून जे केलं ते मुळात हेच आहे. प्राणी काय काम करतो त्याने तो जिवंत वाटत नाही. काही काम नसताना तो काय करतो त्याने वाटतो. श्वास, पापणी, कान हलवणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर. कथेला ह्याचा काही उपयोग नसतो, संवादात ते लिहिलेलं नसतं, आणि बनवणाऱ्याचा अर्धा वेळ त्याच्यातच जातो.

१९९३ चा 'ज्युरासिक पार्क' आठवा. सगळ्यांना टी-रेक्स आठवतो, गाडीच्या काचेवर येणारा. मला ती आजारी ट्रायसेराटॉप्स आठवते. आडवी पडलेली, आणि तो शास्त्रज्ञ तिच्या अंगावर हात पसरून रेलतो आणि तिच्या श्वासाबरोबर वर जातो, खाली येतो. तिथे कॉम्प्युटर नाही, स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओने बनवलेला पूर्ण आकाराचा प्राणी आहे, हवाईच्या कवाई बेटावर नेऊन शूट केलेला. त्या एका सीनमध्ये नट काय बघतोय, कशावर रडायला आलंय त्याला, हे त्याला खरंच हाताखाली जाणवत होतं. आमच्या कुंभकर्णाच्या पोटावर असं रेलायची माझी फार इच्छा होती, पण मंडळवाले दोरी ओलांडू द्यायचे नाहीत.

टी-रेक्सची गोष्ट तर वेगळीच. तो साधारण वीस फूट उंच, आत हायड्रॉलिक्स, आणि चालवायला एक छोटी प्रतिकृती, माणसं ती हलवणार आणि मोठा प्राणी तसाच हलणार. वरची कातडी फोम लेटेक्सची. हे म्हणजे रबराचा चीक फेसून, हवा भरून, साच्यात ओतून ओव्हनमध्ये भाजतात, हलकं आणि लवचीक होतं, पण आत असंख्य छिद्रं राहतात. आणि सीन होता पावसाचा. कातडीने पाणी पिऊन घेतलं, वजन वाढलं, आतलं सगळं गणित कोरड्या वजनावर बसवलेलं, आणि तो धिप्पाड प्राणी थंडी वाजल्यासारखा थरथरायला लागला. मग दोन टेकच्या मधल्या वेळात माणसं टॉवेल घेऊन त्याला कोरडं करायची. मला ती माणसं डोळ्यांसमोर येतात, रात्री, पावसाच्या नळाखाली, डायनासोरचं अंग पुसणारी.

असाच एक थरकाप १९३३ च्या 'किंग काँग' मध्ये आहे. तो काँग बऱ्याच सीन्समध्ये फक्त दीड फुटाचा होता, आत धातूचा सांगाडा, बाहेर सशाची फर. विलिस ओब्रायन एकेक फ्रेमला त्याला किंचित हलवायचे, आणि हलवताना बोटं फरला लागायची, त्यामुळे सिनेमात काँगचे केस सतत सळसळतात. कोणी ठरवून केलेलं नाही ते. पण बघताना काय वाटतं, तर रागाने अंगावरचे केस उभे राहतायत. बनवणाऱ्याची बोटंच तिथे दिसतायत खरं तर, नव्वद वर्षं झाली तरी.

फ्रेम-फ्रेमने जीव आणायच्या ह्या कलेचं बडोद्याशी नातं आहे आणि ते आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमाराला बडोद्यात कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी काढलेलं कलाभवन, आता जिथे युनिव्हर्सिटीचं टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे तीच वास्तू, मी कॉलेजला असताना रोज तिच्यासमोरून जायचे आणि मला हे माहीतही नव्हतं. चित्रकला, फोटोग्राफी, मॉडेलिंग, म्हणजे मातीतून आकार काढणं, हे सगळं शिकलेला माणूस. पुढे सिनेमाचा नाद लागल्यावर त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप वाढताना थोडं थोडं शूट केलं, पडद्यावर रोप भराभर वर येतं, आणि ते बघून काहीजण भांडवल द्यायला तयार झाले. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. नंतर त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, आगकाड्या स्वतःहून हलतात, आकार घेतात. म्हणजे भारतात निर्जीव वस्तूला पडद्यावर चालवणारा पहिला माणूस मॉडेलिंग शिकला तो आमच्या राजमहाल रोडपासून जवळच. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजते तेव्हा समोरचा नाग घडवायचं डोकं आणि हात त्याच तालमीतले होते असं मी मानते.

आणि १९९३ लाच, ज्या वर्षी तिकडे टी-रेक्स आला, आपल्याकडे 'झपाटलेला' आला. तात्या विंचू! बडोद्यात आम्ही तो व्हिडिओ कॅसेट आणून बघितला, वाड्यातली सगळी मुलं एका खोलीत, आणि नंतर माझ्या धाकट्या भावाने घरातली सगळी खेळणी कपाटात बंद करून टाकली. बाहुला रामदास पाध्यांनी बनवलेला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पाध्यांच्या घरात हे वडिलांपासून चालत आलेलं, अर्धवटराव त्यांच्या वडिलांचाच. कमी पैशात, कमी वेळात केलेलं काम होतं ते, पण तात्या विंचूची मान वळते आणि मग एक क्षण उशिरा डोळे वळतात ना, त्या उशिरात सगळी भीती आहे. परदेशातल्या कोणत्याही वर्कशॉपच्या शेजारी मी ते बेलाशक ठेवेन.

जवळून बघण्यावर परत येते. लोक म्हणतात आतलं बघितलं की गंमत जाते. माझी कधीच गेली नाही, उलट वाढते. 'स्टार वॉर्स' मधल्या योडाचंच घ्या, १९८० चा पहिला. स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी तो घडवताना स्वतःचा चेहरा समोर ठेवला आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आइन्स्टाइनच्या घेतल्या. फ्रँक ऑझ आणि बाकीची माणसं खाली बसून चालवणार म्हणून अख्खा सेट जमिनीपासून उंच उचललेला, वर दलदल, खाली हात वर करून बसलेली माणसं. कान आणि डोळे केबलवर, सायकलच्या ब्रेकला असते तसलीच केबल, बाहेर नळी आत तार. काकांनी कुंभकर्णाच्या बोटाला हीच लावली होती. १९८६ च्या 'लॅबिरिंथ' सिनेमातल्या हॉगल नावाच्या बुटक्याच्या चेहऱ्यात १८ मोटरी होत्या, आत एक बाई आणि बाहेर चौघं रिमोट घेऊन, एक भुवया बघणार, एक ओठ, आणि पाचही जणांनी मिळून एकच माणूस व्हायचं. पाच जणांचा श्वास एका लयीत यायला किती तालीम लागत असेल. हे कळल्यावर हॉगल जेव्हा नुसता खाली बघतो तेव्हा मला तो जास्त खरा वाटतो.

त्याच हॉगलचा बाहुला पुढे विमानप्रवासात हरवला आणि अमेरिकेत अलाबामात हरवलेल्या सामानाचं जे दुकान आहे तिथे सापडला, कातडी फाटून झडलेली. फोम लेटेक्सचं हेच होतं. ऊन, उष्णता, हवा लागून ते आधी कडक होतं, मग चिरा पडतात, मग पावडर. म्हणून म्युझियममध्ये उजेड एवढा मंद. 'ई.टी.' सिनेमातल्या परग्रहवासीयाचा कार्लो रामबाल्डींनी केलेला यांत्रिक सांगाडा २०२२ मध्ये लिलावात साडेपंचवीस लाख डॉलरच्या वर गेला, हालचालीचे ८५ बिंदू असलेला, आणि विकलं गेलं ते मुख्यतः धातूचं शरीर, कातडी राहिलेलीच नव्हती. 'जॉज' चे सिनेमात वापरलेले तिन्ही यांत्रिक शार्क नष्ट झाले. त्याच साच्यातून काढलेला फायबरग्लासचा चौथा २५ फुटी शार्क वर्षानुवर्षं कॅलिफोर्नियात एका भंगाराच्या यार्डात पडून होता, तो दुरुस्त करून आता लॉस एंजेलिसच्या अकॅडमी म्युझियममध्ये छताला टांगलाय.

भंगारातून छताला! आणि आपले देखावे उलट दिशेने जातात. अनंत चतुर्दशी झाली की दोन दिवसांत कुंभकर्ण मोडला, मोटरी काकांनी काढून ठेवल्या, प्लाय पुढच्या वर्षीच्या कामाला, बाकी जाळलं. एक धड फोटोसुद्धा नाही. मूर्ती विसर्जनासाठीच असते ते मान्य, पण त्यामागची यंत्रं कोणी विसर्जित करायला सांगितली नव्हती. कमाटीबागेतल्या आमच्या म्युझियममध्ये अख्ख्या देवमाशाचा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे, तिथे एका कोपऱ्यात एक हलता देखावा, मागची बाजू उघडी ठेवून, बटन दाबलं की चालणारा, एवढी जागा नाही निघणार? आता बऱ्याच मंडळांत एलईडी स्क्रीन लावतात. त्यावर सगळं हलतं, झगमगतं, आणि मुलं बघतही नाहीत, कारण तेच त्यांच्या हातातल्या फोनमध्ये आहे. मला हे पटत नाही आणि मी मंडळाच्या मीटिंगमध्ये दर वर्षी हे बोलते.

यंदा जरा आशा आहे. मावसबहिणीची मुलगी फाइन आर्ट्सला स्कल्प्चर करते, त्या फॅकल्टीत चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्यांनी फेअरसाठी खेळणी बनवलेली आहेत, तिथे हे काम हलकं मानत नाहीत. तिने प्रोजेक्टला मगर घेतलीय. बडोद्यात राहून दुसरं काय घेणार, विश्वामित्रीत मगरी आहेतच, पावसाळ्यात नदी चढली की कोणाच्या तरी अंगणात सापडतात. तिला म्हटलं चल काकांकडे. काका आता दुकानात बसत नाहीत पण हात शाबूत आहेत. ती त्यांना आजोबा म्हणते.

तिने लॅपटॉपवर सगळं प्रोग्रॅम करून आणलं होतं, सांगू तेवढ्याच वळणाऱ्या सर्व्हो मोटरी, श्वास मिनिटाला इतके, शेपूट इतकी. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू मगर बघितलीस का नीट, किती वेळ बघितलीस?" मग आम्ही तिघं सकाळी काळा घोडा पुलावर. एक मगर खाली चिखलात ऊन खात पडली होती, तोंड उघडं. आम्ही उभे राहिलो, बराच वेळ काही नाही. मग गळ्याखालची कातडी फडफडली, थांबली. परत बराच वेळ काही नाही. डोळ्यावरून आतली पातळ पापणी पुढून मागे सरकली. काका म्हणाले, "हिला मोटर कमी लागेल, टायमर चांगला लागेल."

त्यावरून दोघांचं जुंपलंच. तिचं म्हणणं लोक एवढा वेळ थांबणार नाहीत, त्यांना वाटेल बंद पडलंय. काकांचं म्हणणं, बंद पडलंय असं वाटू दे, म्हणून तर जवळ येतील. शेवटी गळ्याची मोटर आणि पापणीची मोटर वेगळ्या टायमरवर ठेवायचं ठरलं, आणि मध्ये किती वेळ काहीच करायचं नाही ते प्रोग्रॅमने दर वेळी वेगळं निवडायचं, ही कल्पना तिची, काकांना फार आवडली, आमच्या वेळी हे असतं तर असं दोनदा म्हणाले. पापणीसाठी तिने डॉक्टरी ग्लोव्हजचा तुकडा ताणून लावलाय, तो सरकतो पण परत येताना झटका देतो. काका म्हणतात स्प्रिंग कडक आहे, बॉलपेनची काढून बघ. कातडी सिलिकॉनची करायची की लेटेक्सची ते अजून ठरत नाहीये, सिलिकॉन महाग पडतं आणि लेटेक्स आमच्या मे महिन्यात टिकणार नाही.